कुत्र्याच्या पाठीवरची जोडपिशवी : अख्खा उन्हाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर

फेब्रुवारीत घेतलेली ही पिशवी आता गणपती होऊन गेले तरी वापरात आहे. टेकडीवर भेटणारे पुष्कळ जण थांबवून विचारतात, घ्यावी का? माझं उत्तर असं : जरूर घ्या, पण कुत्रं आपलं ओझं उचलेल म्हणून घेऊ नका. हिची खरी किंमत पाठीवरच्या हँडलमध्ये आहे.

आमची चिंगी गावठी, वजन 18 किलो. सुट्टीत आठ वर्षांची नात, चिंगी आणि मी असे तिघं पाठीवर सामान टाकून सिंहगड, राजगडाच्या बाजूला पायी हिंडलो. पिशवी म्हणजे एक हार्नेस, त्याला दोन्ही बाजूंना चेनचे कप्पे, छातीवर आणि पोटाखाली पट्टे, वर धरायला हँडल. कप्पे सुटे होतात, हार्नेस अंगावर राहतो. घेताना हे नक्की बघा. काही पिशव्यांत हँडल कप्प्यांच्या कापडालाच शिवलेलं असतं, ते काही कामाचं नाही.

वजनाचं आधी सांगतो. सवय नसलेल्या कुत्र्यावर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर काही लादू नये. चिंगीसाठी हे झालं 1.8 किलो. पिशवीचंच वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे उरतं जेमतेम एक लिटर पाणी. बरोबर तेवढंच तिला लागतं, कारण कुत्र्याला साध्या दिवसाला किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर पाणी हवं असतं, उन्हात चालताना त्याहून जास्त. त्यामुळे तिने तिचं रोजचं पाणी वाहायचं आणि वरचं माझ्या सॅकमध्ये, असा हिशेब बसला. सुरुवातीला वेताळ टेकडीवर रिकामी पिशवी घालून फिरवली, मग कप्प्यांत जुने टॉवेल भरले, पाणी सगळ्यात शेवटी. ही घाई कुणी करू नये.

दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवणं हे नातीचं खातं. आदल्या रात्री ती ताणकाट्याला एकेक कप्पा लटकवून बघायची आणि काटा जुळेपर्यंत बिस्किटं इकडून तिकडे करायची. वाटेत पाणी पाजतानाही ती आळीपाळीने दोन्हीकडची बाटली काढायची, कारण एक बाजू हलकी झाली की अख्खी पिशवी पोटाकडे फिरते. अर्धवट भरलेली बाटली डुचमळते, त्या आवाजाने चिंगी सारखी मागे वळून बघायची. मग कडक बाटल्यांऐवजी घडी होणाऱ्या मऊ पाणीपिशव्या घातल्या, त्यातली हवा दाबून काढता येते. तो त्रास तिथेच संपला.

आता फिटिंग. साइझचा तक्ता लॅब्रॅडॉरसारख्या भरलेल्या अंगाच्या कुत्र्यांना धरून केलेला वाटतो. गावठी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक, शिवाय अंगावर केस आखूड. चढावर पिशवी मागे सरकते आणि पुढचा पट्टा काखेत घासतो. एप्रिलमध्ये सिंहगडावरून आल्यावर तिच्या डाव्या काखेत कातडी लाल झालेली दिसली. पट्ट्याला जुन्या सुती धोतराचं मऊ कापड शिवून घेतल्यावर पुन्हा घासलं नाही.

उन्हाळ्यात सगळ्यात मोठा दोष म्हणजे पाठीखालचं जाड अस्तर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून आणि थोडंफार पंजांच्या गाद्यांतून तो अंगातली उष्णता बाहेर काढतो. त्यात पाठीवर हे पांघरूण. सिंहगडाची आतकरवाडीकडून चढणारी वाट उघडी, सावली नावालाच. म्हणून आम्ही उजाडायच्या आत चढायला लागायचो आणि नऊच्या आत खाली. नऊनंतर चालणं भागच असेल तर पिशवी काढून माझ्या सॅकला बांधायची, नुसता हार्नेस ठेवायचा. कातळ तापला का हे नात तळहाताची मागची बाजू टेकवून बघायची. सात सेकंद हात ठेववला नाही तर चिंगी सावलीत बसणार, मग आजोबांचं काही चालत नसे.

उन्हाळ्यात कुत्र्याला नेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक हवं : लाळ घट्ट होऊन तार धरायला लागली, हिरड्या गडद लाल झाल्या, पाय लटपटले, तर तो उष्माघात आहे. कुत्र्याचं एरवीचं तापमान 38 ते 39 अंश, 41च्या वर गेलं की जिवावर बेततं. आधी सावली, पोटावर, जांघेत आणि पंजांवर पाणी, वारा घालणं आणि मगच गाडीत घालून डॉक्टर. आमच्यावर ही वेळ आली नाही, पण नातीला हे सगळं पाठ आहे.

आता हँडल. राजगडाला पायथ्याच्या गावात एका घराच्या पडवीत मुक्काम करून पहाटे पाली दरवाज्याने चढलो. वाट पायऱ्यांची, पण दरवाज्याजवळच्या काही पायऱ्या चिंगीच्या छातीएवढ्या उंच. एक हात हँडलला, दुसरा पोटाखाली, आणि ती हलकेच वर. तिथे पिशवीचे सगळे पैसे वसूल झाले. नुसत्या हँडलने मात्र कधीही लटकवू नये, सगळा भार पट्ट्यांवर येऊन बरगड्या दाबल्या जातात. सिंहगडावर माकडं कणसाच्या गाडीवर उतरली, तेव्हाही हँडल धरूनच तिला जागेवर थांबवता आलं. दोरीला धरलं असतं तर गळ्याला हिसका बसला असता.

गडावरच्या टाक्यांतलं मे महिन्यातलं हिरवं पाणी तिला पिऊ देत नाही. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, लस घेतलेली असली तरी नाही. भीमाशंकर, ताम्हिणीसारख्या अभयारण्यांत तिला नेतच नाही. ते शेकरू-भेकरांचं घर आहे, तिथे आपल्या कुत्र्याचं काही काम नाही.

टिकाऊपणा मध्यम. कापड आणि शिवण अजून पक्की, पहाटेच्या अंधारात चमकणारी पट्टी फार उपयोगी. पण मे महिन्यात पोटाखालचं बकल तडकलं. कंपनीला दोनदा कळवलं, उत्तर नाही. शेवटी पुण्याच्या बोहरी आळीतून चांगलं जाड बकल आणलं आणि रस्त्यावरच्या बॅग शिवणाऱ्याकडून बसवून घेतलं, ते पहिल्यापेक्षा दणकट आहे. पावसाळ्यात अस्तर दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो आणि चेन अडकते, मेण चोळलं की सुटते. फिरून आल्यावर अस्तराच्या घड्या उलगडून बघाच. गोचीड तिथेच दडून बसतात आणि गोचीड-तापाने कुत्रं आठवड्यात खंगतं.

ऑनलाइन मागवण्यापेक्षा कुत्र्याला घेऊनच दुकानात जा. कप्प्यांत पाण्याच्या दोन बाटल्या टाका, त्याला चालवा, बसवा, उठवा. उठताना पट्टा काखेत गेला तर ती साइझ सोडून द्या. दहा वर्षांच्या पुढचं, सांधे दुखणारं किंवा वर्षाच्या आतलं कुत्रं असेल तर कप्प्यांशिवायचा, पण असंच हँडल असलेला नुसता हार्नेस घ्या.