प्रभूसाठी २४ तास: रात्री साडेअकराची रांग (५ पैकी ४ स्टार)

गेलो तो मुळात बायकोच्या धाकाने. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारची क्रुसाची वाट ही प्रार्थना ती चुकवत नाही, आणि मी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जाऊन नऊ वर्षं झालेली. २०२५च्या २८ मार्चला, उपवासकाळातल्या चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, वसईतल्या एका चर्चमध्ये पोचलो. 'प्रभूसाठी २४ तास' हा उपक्रम पोप फ्रान्सिस यांनी २०१४मध्ये सुरू केला. शुक्रवार-शनिवार चर्च उघडं, आराधना चालू, केव्हाही या आणि पापनिवेदन करा. पहाटे फुलं घेऊन दादर गाठणाऱ्या आम्हा लोकांना हीच वेळ जमते.

आधी तक्रार. विवेकपरीक्षेचं, म्हणजे आपल्या चुका आठवायला मदत करणारं, पत्रक इतक्या बारीक अक्षरात, की मोबाइलच्या टॉर्चवर वाचावं लागलं. वर स्पीकरवर गाणी मोठ्याने. आतलं बाहेर जाऊ नये म्हणून असेल, पण पुढच्या आजींना फादरच ऐकू येईनात. मग त्या अशा खणखणीत बोलल्या की रांगेने माना खाली घातल्या. सून रांगेत नव्हती, नशीब.

माझी पाळी आली. शिव्या, दारू, चुकलेल्या मिस्सा भराभर सांगून टाकल्या. फादरांनी विचारलं, "आणि घरात?"

मग बावखलाचं निघालं. माझं आणि धाकट्या भावाचं बावखल, म्हणजे बागेला पाणी देणारं तळं, सामाईक. चार वर्षांपूर्वी एप्रिलात पाणी तळाला गेलं, तेव्हा मोटरच्या खोलीला मी कुलूप घातलं. माझा मोगरा जगला, त्याची केळी वाळली. तेव्हापासून अबोला.

वाटलं, चार प्रार्थनांवर सुटेन. प्रायश्चित्त मिळालं ते बायबलातलं ५१वं स्तोत्र आणि "त्या कुलपाची दुसरी किल्ली करून भावाला नेऊन द्या."

"फादर, तो घ्यायचा नाही."

"ते त्याचं तो बघेल. तुम्ही न्या."

कसाबसा हो म्हटलं. तेवढ्यावर पापमुक्ती दिली, किल्ली पोचायची वाट बघितली नाही.

रविवारी शुभवर्तमान नेमकं उधळ्या पुत्राचं. त्या गोष्टीत मी कुठे आहे हे कधी शोधलंच नव्हतं, उधळेपणा माझ्या अंगात नाही. या वेळी कान शेवटाला लागले. सगळं उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो; थोरला शेतातून येतो, रागाने आत जात नाही, तर बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला का, ते शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलंच नाही.

किल्ली ४० रुपयांत झाली. धाकट्याने घेतली, "वहिनी बरी आहे ना?" विचारलं. चहाचं नाव काढलं नाही.

एक स्टार कापलाय तो पत्रकाच्या अक्षरासाठी. जाणार असाल तर अकरानंतर जा, आठ ते दहा गर्दी असते.