क्रमिकेचा नियम: फरक काढून शोधावा की आकृती मोजून?

काड्यांचे चौकोन एका ओळीत जोडत गेलं, की काड्या लागतात ४, ७, १०, १३... मग क्ष चौकोनांना किती?

फरकाची रीत झटपट आहे. प्रत्येक वेळी ३ वाढतात, म्हणजे नियमात ३क्ष येणार. ३ चा पाढा ३, ६, ९ असा जातो, आपली पदं, म्हणजे क्रमिकेतल्या (ओळीने येणाऱ्या) संख्या, त्याहून १ ने मोठी. नियम ३क्ष + १. फरक सारखे नसतील तर फरकांचे फरक काढायचे. ३, ८, १५, २४ मध्ये ते २ येतात; १, ४, ९, १६ या वर्गांतही ते २ च येतात, त्यामुळे क्ष² आलाच. तो वजा केला की २, ४, ६, ८ उरतात. नियम क्ष² + २क्ष.

पण ते ३ आले कुठून, हे ही रीत सांगत नाही. त्यासाठी काड्याच मोजाव्या लागतात. पहिल्या चौकोनाला ४ आणि पुढच्या प्रत्येकाला ३ धरल्या तर ४ + ३(क्ष − १). सगळे चौकोन सुटे धरले तर ४क्ष, त्यातून दोनदा मोजलेल्या मधल्या काड्या वजा: ४क्ष − (क्ष − १). आडव्या-उभ्या वेगळ्या मोजल्या तर क्ष + क्ष + (क्ष + १). राशी तीन, पण सरळ रूप दिलं की तिन्ही ३क्ष + १ होतात. मला ही रीत जास्त आवडते ती इथेच: कंस का सोडवायचा, हे मुलाला पहिल्यांदा खरंच पटतं.

घोटाळा होतो तो दुसऱ्या राशीत. कंसाआधीच्या वजा चिन्हाकडे दुर्लक्ष झालं की ३क्ष − १ येतं. क्ष = १ ठेवून पाहा: एका चौकोनाला २ काड्या? चूक तिथेच सापडते.

नुसत्या आकड्यांवर भिस्त ठेवण्यात धोकाही आहे. वर्तुळावर बिंदू वाढवत प्रत्येक दोन बिंदू रेषेने जोडले, तर आतले भाग १, २, ४, ८, १६ होतात. दुप्पट होत चाललेत असं वाटतं, पण सहाव्या बिंदूला जास्तीत जास्त ३१ च भाग मिळतात.

तेव्हा प्रश्नात फक्त संख्या असतील तर फरक काढा. आकृती दिली असेल तर आधी ती मोजून राशी लिहा, सरळ रूप द्या आणि फरकाची रीत पडताळ्याला ठेवा.