दिंगलिंग समाधी : महाल अस्सल, पेट्या नकली

बीजिंगच्या चांगपिंग भागात मिंग सम्राटांच्या १३ समाध्या आहेत. त्यांपैकी शास्त्रीय उत्खनन झालं ते फक्त दिंगलिंगचं, १९५६ ते १९५८ या काळात. इथे वानली सम्राट आणि त्याच्या दोन सम्राज्ञी पुरलेल्या होत्या.

भूमिगत महाल सुमारे २७ मीटर खोल आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि आत उन्हाळ्यातही गारठा असतो, म्हणून जाकीट बरोबर ठेवा. लाल लाखेच्या शवपेट्या आणि संदुका बघून हरखून जाऊ नका, त्या प्रतिकृती आहेत. खरं बघायचं ते दगडी दारांकडे. दार बाहेरून ओढून बंद करताना आतून तिरकी टेकवलेली शिळा आपोआप घसरून अडसर बनायची. उत्खनन करणाऱ्यांनी फटीतून वाकवलेली तार घालून ती शिळा उभी केली, तेव्हा दार उघडलं. मधल्या दालनात संगमरवरी सिंहासनं आहेत. त्यांवर लोक नोटा का टाकतात, देव जाणे!

उत्खननात निघालेली रेशमी वस्त्रं हवा लागताच कडक झाली, काळवंडली. जतनाचं तंत्रच तेव्हा हाताशी नव्हतं. १९६६ मध्ये तर सांगाडेही जाळले गेले. सम्राटांच्या समाध्या आपणहून उघडायच्या नाहीत हे चीनचं धोरण यातूनच पक्कं झालं. ही बाजू फलकांवर आणखी ठळक हवी होती.

वेळ कमी असेल तर आधी या १३ पैकीच चांगलिंग ही समाधी गाठा. तिथला नानमू लाकडाच्या ६० खांबांचा सभामंडप मूळचा आहे.