कार्बन डॉटवालं लोहाचं टेस्ट किट: बोअरच्या पाण्यासाठी घ्यावं का?

आमच्याकडे रत्नागिरीत जांभा जमीन, बोअरला लोह असणारच. पाणी काढलं की एकदम स्वच्छ, आणि बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस गाळ. किती लोह आहे ते घरीच बघायला हे किट घेतलं आणि मला ते खरंच आवडलंय, फक्त ते काय सांगतं आणि काय नाही हे कळलं पाहिजे.

आत फिकट पिवळ्या द्रावणाची बाटली, आम्लाची छोटी बाटली, काचेच्या नळ्या, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च आणि तुलनेचं कार्ड. द्रावणात १० नॅनोमीटरपेक्षा बारीक कार्बनचे कण, म्हणजेच कार्बन डॉट आहेत, टॉर्च मारला की छान निळे चमकतात, आणि फेरिक लोह (हवेशी संयोग होऊन गंजासारखं झालेलं) आलं की चमक विझत जाते. हे कण २००४ मध्ये नॅनोट्यूबची (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) काजळी शुद्ध करताना सापडले, आता सायट्रिक ॲसिडपासूनही बनतात. क्वांटम डॉट नावाचे असेच चमकणारे कण असतात, पण त्यातले कॅडमियम या विषारी धातूचे घरात नको होते, म्हणून हेच निवडलं.

आता मुख्य गोष्ट. जमिनीखाली हवा नसते त्यामुळे बोअरमधलं बरंचसं लोह फेरस (पाण्यात विरघळलेलं, डोळ्याला न दिसणारं) असतं, आणि हे किट बघतं फेरिक. म्हणजे ताजं पाणी लगेच टेस्ट केलंत तर लोह कमीच दिसणार! आधी बाटली अर्धी भरून चांगली हलवा, तसंच काही तास ठेवा, मग गाळासकट नमुना घ्या आणि आम्ल त्यानंतर घाला. गाळून घेतलंत तर लोह गाळणीतच राहिलं. हे पत्रकात ठळक छापायला हवं होतं, एका कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकलंय.

दुसरं म्हणजे नमुना तांब्याच्या कळशीतून घेऊ नका, तांब्यानेही चमक कमी होते. आणि विहिरीत पालापाचोळा कुजत असेल किंवा साबणाचं पाणी झिरपत असेल तर पाणी स्वतःच निळसर चमकतं आणि लोह कमी वाटतं, म्हणून द्रावण न घालता नुसत्या पाण्यावर एकदा टॉर्च मारून बघाच. स्वस्तातला ३९५ चा जांभळा टॉर्च वापरू नका, त्याच्याच उजेडात काही कळत नाही.

त्याच नमुन्याचा लॅबचा रिपोर्ट आला तो कार्डाच्या त्याच पट्ट्यात बसला, याचा मला फार आनंद झाला. पण पट्टे जाड आहेत. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लोहाची मर्यादा २०१२ ला लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती, पुढे दुरुस्ती होऊन १ झाली, आणि या दोन्हींमधला फरक डोळ्याला कसाबसा कळतो. अंधाऱ्या खोलीत थोडं बरं दिसतं.

फिल्टर बसवण्याआधी आणि बसवल्यावर तपासायला, फिल्टरमधला मीडिया (लोह अडवणारा थर) कधी बदलायचा ते ठरवायला, जरूर घ्या. शिसं, आर्सेनिक यांची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, त्यातलं याला काही कळत नाही. घरात लहान मूल असेल तर एक नमुना लॅबला द्याच.