विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत सल्ला: आईच्या जबाबाच्या निमित्ताने

माझी आई 63 वर्षांची असून एका पतसंस्थेची माजी संचालक आहे. त्या संस्थेतील अपहाराच्या गुन्ह्यात जबाब देण्यासाठी पोलीस ठाण्यात यावे, असा तिला आधी फोन आला आणि दोन दिवसांनी लेखी समजपत्र मिळाले. आम्ही घाबरून जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमातील कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, त्यामुळे एक अर्ज आणि ओळखपत्राची प्रत एवढ्यावर काम झाले.

पॅनेलवरील वकीलबाईंनी मजकूर वाचण्याआधी कलमावर बोट ठेवले, आणि या सेवेचे खरे मोल मला तिथेच कळले. समजपत्रात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे पोलीस तपासाचे नियम सांगणाऱ्या नव्या कायद्याचे, कलम 179 होते, म्हणजे आईला घटनेची माहिती असणारी व्यक्ती म्हणून बोलावले होते. तिथे कलम 35(3) असते, तर तिच्यावरच संशय असल्याचा अर्थ निघाला असता. अशी 35(3) ची नोटीस पाळणाऱ्यास, अटक का आवश्यक आहे याची कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही, हेही त्यांनी सांगितले. शिवाय कलम 179 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तसेच 60 वर्षांवरील पुरुषाला, राहत्या ठिकाणाखेरीज इतरत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीला ठाण्यात बोलावण्याबद्दल नाराजी व्यक्त केली होती, हे ऐकून आईला फार धीर आला.

त्यानंतर वकीलबाईंनी, जबाब घरीच घ्यावा असा तपासी अंमलदारांना द्यायचा अर्ज लिहून दिला आणि त्याची पोच घेण्यास बजावले. जबाब देण्याचे टाळू नका, विचारलेल्याचे खरे उत्तर द्या, मात्र ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू शकतो ते देण्याचे बंधन कलम 180 घालत नाही, कारण आजचा साक्षीदार उद्या आरोपी ठरू शकतो, असे त्यांनी कोणतीही घाई न करता समजावले. तपासात लिहून घेतलेल्या अशा जबाबावर सही घेता येत नाही, ही कलम 181 मधील गोष्ट तर आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती.

उणिवाही सांगायला हव्यात. आम्हाला अडीच तास बसावे लागले, आणि जी माहितीपत्रिका हाती दिली तिच्यात अजून 179 आणि 35(3) ऐवजी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील 160 आणि 41-अ हीच कलमे छापलेली होती. नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू असताना हे खटकते, कारण समजपत्र हातात घेऊन आलेला माणूस नेमका तोच आकडा शोधत असतो. जुन्या कायद्यात पुरुषांसाठीची वयाची मर्यादा 65 होती. 62 वर्षांच्या एखाद्या गृहस्थाने ती पत्रिका प्रमाण मानली, तर त्याचा हक्क बुडेल.

चार दिवसांनी अंमलदार घरी आले. त्यांनी जबाब वाचून दाखवला, तेव्हा ‘कर्ज मी मंजूर केले’ असे लिहिलेले वाक्य आईने थांबवून ‘संचालक मंडळाने मंजूर केले’ असे दुरुस्त करून घेतले. सही मागितली गेली नाही.