नॉरसास्कचे टू-बाय-फोर: तळघरातल्या 62 नगांचा अनुभव

तळघरात दोन खोल्या काढायच्या होत्या, म्हणून कॅनडातल्या सास्काटूनमधल्या एका वखारीतून आठ फुटी टू-बाय-फोरचे, म्हणजे भिंतींच्या सांगाड्याच्या लाकडी पट्ट्यांचे, 62 नग आणले. नाव दोन बाय चार, टेप लावला की भरतात दीड बाय साडेतीन इंच. रंधून गुळगुळीत केल्यावर इथे सगळ्यांचं एवढंच उरतं, पण अण्णा व्हिडिओ कॉलवर लगेच: "अर्धा इंच खाल्ला की रे!" मिरजेत अख्खा जन्म वखारीत गेला त्यांचा. पाइन म्हणजे खोक्याचं लाकूड, त्याचं घर बांधतात हे त्यांना अजून पटत नाही.

माल मेडो लेक गावच्या नॉरसास्क सॉमिलचा (लाकूड कापायच्या गिरणीचा), इथून वायव्येला तीनेकशे किलोमीटर. शिक्क्यावर एस-पी-एफ, म्हणजे स्प्रूस, पाइन, फर यांचा मिसळ माल. आणि केडी, म्हणजे भट्टीत वाळवून ओलावा 19 टक्क्यांच्या आत आणलेला. गाठी बारीक आणि घट्ट. टोकापासून इंचभरावर खिळा मारला तरी लाकूड फाटलं नाही. वजनाला इतकं हलकं की एका खांद्यावर चार नग सहज जिना उतरतात.

सात नग पिळलेले निघाले. हा दोष सॉमिलचा नाही. वखारीत वरचा थर पावसात उघडा पडला होता. बदलून मागितले तर "निवडून घ्यायचे होते" हे उत्तर. तेव्हा प्रत्येक नग एक डोळा मिटून टोकाकडून बघा, लाजू नका. वाकड्यांचे तुकडे करून मी मधल्या आडव्यांना वापरले.

अण्णांचा पुढचा प्रश्न, "मालक कोण?" 1988 मध्ये ही सॉमिल निम्मी मेडो लेक ट्रायबल कौन्सिलने आणि निम्मी तिथल्याच कामगारांनी मिळून घेतली. 1998 मध्ये ती पूर्ण कौन्सिलची झाली, म्हणजे क्री आणि डेने या मूळनिवासी लोकांच्या नऊ फर्स्ट नेशन्सची (समुदायांची). साली, भुसा पूर्वी जाळून टाकायचे; 2022 पासून शेजारच्याच केंद्रात त्याची वीज होते आणि सरकारी वीज कंपनीला विकली जाते. "म्हणजे साखर कारखाना बगॅसवर करतो तसंच," अण्णा म्हणाले. एवढ्यावर त्यांनी पाइनला माफ केलं.

लाकडाला साडेचार तारे, वखारीला दोन. काँक्रीटवर टेकणारी खालची पट्टी मात्र प्रेशर-ट्रीटेडच (दाबाखाली रसायन मुरवलेली) घ्या, हे लाकूड तिथे वर्षा-दोन वर्षांत ओल धरेल.