देवास नाक्याचा ऑटो इलेक्ट्रिशियन: जुनी पिकअप घेतली असेल तर आधी इथे दाखवा

इंदूरात सेकंडहँड पिकअप घेतलेल्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण मी तीन महिने वणवण करून या माणसापर्यंत पोचलो. दुकानाला पाटी नाही, देवास नाक्यावरून आत ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गल्लीत टायरवाल्याच्या शेजारी शटर आहे, उस्ताद म्हणून विचारलं की कोणीही दाखवतं.

माझी गाडी शनिवारी रात्री उभी केली की सोमवारी पहाटे चोइथराम मंडीला निघायच्या वेळी नुसती टकटक करायची. दोन वेळा भाजीचा फेरा बुडाला, बाबांनी आणि मी धक्का मारून काढली. आधीच्या दुकानात काही न तपासता बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) बदलला, दोन्ही नवे आणि त्रास तोच.

उस्तादांनी पाना उचललाच नाही, आधी मीटर काढला. बंद गाडीवर बॅटरी 12.3 व्होल्ट, आणि चालू केल्यावर 14.1 म्हणजे चार्जिंग ठीक. "भिया, बॅटरी तो बढ़िया है." मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी थेट इंजिनवर धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. 1.6 व्होल्ट! तिथे पाव व्होल्टच्या वर जायला नको. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं ना, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट परत यायला इंजिन चॅसिसला जोडणारी अर्थची पट्टीच लागते, आणि आमची पट्टी वरून धड दिसत होती पण त्यांनी नटापाशी वाकवली तर आतून हिरवी भुकटी गळली. अ‍ॅक्सिलरेटरची केबल सेल्फ मारताना गरम का लागायची तेही तेव्हा कळलं, पट्टी गेल्यावर करंट तिच्यातून वाट काढत होता. नवी पट्टी टाकली, चॅसिसचा रंग खरवडून घट्ट बसवली.

पण बॅटरी उतरत होती ते वेगळंच. मायनस केबल काढून मधे मीटर लावला, दहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये, दारं बंद केली आणि अर्धा तास गाडीला हातच लावला नाही (मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो). रीडिंग 0.9 अँपिअर. उभ्या गाडीत ते 0.05 च्या आसपास हवं, म्हणजे शनिवार रात्र ते सोमवार पहाट बॅटरीतून 30 अँपिअर-अवरच्या आसपास निघून जात होतं. एकेक फ्यूज काढत गेले, आकडा हललाच नाही. मी म्हटलं आता संपलं, तर उस्ताद उलट खूष झाले, म्हणजे खाणारी वस्तू फ्यूज बॉक्समधून जातच नाही. अल्टरनेटरची जाड तार सोडवून पाहिली, तरी तेवढंच. मग मॅट उचलली तर खालून एक लाल तार निघाली, बॅटरीवरून सरळ सीटमागच्या अ‍ॅम्प्लिफायरला, मधे फ्यूज नाही. आधीच्या मालकाने बसवलेला, चावीने बंदच होत नव्हता. तार सोडवली, आकडा 0.03.

जाताजाता अजून एक सापडलं, 10 अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी 30 चा हिरवा बसवलेला. इतका मोठा फ्यूज उडायच्या आधी तारच जळते, घाटात भरलेली गाडी असताना असं झालं असतं तर काय, विचार करवत नाही.

पट्टी आणि मजुरी मिळून साडेनऊशे लागले, आणि जुनी पट्टी मला हातात दिली. छापील बिल मिळत नाही, गर्दीत बसायला नीट जागा नाही, आणि माझी अख्खी दुपार गेली, पण इतक्या शांतपणे प्रत्येक आकडा समजावून सांगणारा मेकॅनिक मला इंदूरात दुसरा भेटला नाही. पाचपैकी पाच. सकाळी दहाच्या आत जा, आणि आधीच्या मालकाने हॉर्न, टेप, जीपीएस काय काय जोडलंय ते माहीत असेल तेवढं आधीच सांगा, त्यांचा वेळ वाचतो.